मोहरीला जिवाणूची मुळं: केसाळ मुळापासून पाण्याचा ताण सोसणाऱ्या ओळीपर्यंत

मोहरीच्या देठाला केसाळ मुळांचा जिवाणू लावला, दहा-बारा दिवसांनी कापलेल्या देठाच्या टोकाला पांढरी, लव असलेली मुळं फुटली, जेलवर जनुकाची पट्टी दिसली, की बहुतेक प्रयोगशाळांत पेढे वाटले जातात. आम्हीही वाटले होते. त्यानंतर जाळीघरातल्या ताणाच्या चाचणीत खरोखर टिकणारी एक ओळ (म्हणजे पुढच्या पिढ्यांत एकसारखं येणारं बियाणं) हाती यायला पाच हंगाम गेले. त्यातले दोन हंगाम तर आम्ही चुकीची गोष्ट मोजत होतो. म्हणून या लेखात जनुक आत जाण्याच्या भागावर बेताचंच लिहिलं आहे आणि निवडीच्या भागावर जास्त.

लेख टिश्यू कल्चरची सोय असलेल्यांसाठी आहे: कृषी महाविद्यालयातले संशोधक विद्यार्थी, पैदासकार, छोट्या प्रयोगशाळा. शेतकऱ्याने घरी करून बघावं असं हे काम नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक कमी, कायद्याचं जास्त आहे.

जिवाणू नेमकं काय करतो

रायझोबियम रायझोजेनिस हा मातीतला जिवाणू. जुन्या पुस्तकांत तो अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस या नावाने सापडेल. झाडाला जखम झाली की जखमेतून फिनॉल जातीची रसायनं पाझरतात. त्यांचा वास लागल्यासारखा हा जिवाणू जागा होतो आणि आपल्या आरआय प्लाझ्मिडवरचा (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावरचा) एक तुकडा, म्हणजे टी-डीएनए, झाडाच्या पेशीत सोडतो. तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. त्यावर रोल ए, बी, सी, डी ही जनुकं असतात. पेशी ऑक्सिन या वाढीच्या हार्मोनला जास्त संवेदनशील होते आणि जखमेच्या जागी मुळांचं रान माजतं. जिवाणूचा फायदा असा की ही मुळं त्याला हवं ते खास अन्न, ओपाइन, तयार करून देतात. थोडक्यात, जिवाणू झाडाला आपली शेती करायला लावतो.

इथे माणसाने प्रयोगशाळेत जोडलेलं काहीच नाही. जनुक जिवाणूचं, ते पोचवणारी यंत्रणाही जिवाणूचीच. आपण फक्त गाठ घालून देतो. निसर्गात अशी गाठ पूर्वीही पडली आहे. आषाढीला आपण रताळं उकडून खातो, त्याच्या जीनोममध्ये अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचे तुकडे आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लागवडीखालचे २९१ नमुने तपासले आणि सगळ्यांत एक टी-डीएनए सापडला. भुईमूग आणि चहा यांच्या जीनोममध्येही असे अवशेष मिळाले आहेत. एका रानतंबाखूत ते १९८३ सालीच दिसले होते.

पैदाशीसाठी याचा वापर सगळ्यात चिकाटीने केला तो कोपनहेगन विद्यापीठातल्या गटाने. त्यांनी कलांचोच्या कुंडीतल्या रोपांवर मूळचा, न बदललेला जिवाणू लावून बुटकी, आटोपशीर झाडं मिळवली, म्हणजे वाढ रोखणारी रसायनं फवारायची गरज कमी व्हावी. मोहरीच्याच कुळातल्या तेलबिया रेपमध्ये हा टी-डीएनए पुढच्या पिढीत बियातून उतरतो, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं. आपल्याला धागा इथूनच उचलायचा आहे.

पीक आधी ठरवा, हौस नंतर

कोरडवाहू म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यापुढे ज्वारी येते. ज्वारीसाठी हा मार्ग विसरा. हा जिवाणू प्रामुख्याने द्विदल झाडांवर चालतो. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्यावर केसाळ मुळं छान फुटतात, पण त्या मुळापासून पूर्ण झाड उभं करणं अतिशय कठीण. या पिकांत खाली जिवाणूची मुळं आणि वर मूळचा शेंडा असं जोडझाड करून मुळांचा अभ्यास करता येतो. मात्र त्याचं बी मूळच्या शेंड्याचं असतं, म्हणून पैदाशीला ते निरुपयोगी.

तुमच्या पिकाचं झाड मुळाच्या तुकड्यातून परत उगवतं का, एवढा एकच प्रश्न आधी विचारा. मोहरी-कोबी कुळ, टोमॅटो, गाजर, तंबाखू, रताळं इथे उत्तर होकारार्थी आहे. मी मोहरी धरून लिहितो. महाराष्ट्रात तिचा पेरा थोडा आहे, पण राजस्थान, हरियाणात ती पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर येते, त्यामुळे खोल मुळाला तिथे थेट किंमत आहे. वरुणा किंवा पुसा बोल्ड यांसारखा, तुमच्या भागात परिचित असलेला स्थिर वाण घ्या. संकरित बियाणं नको, नाहीतर पुढे दिसणारा फरक टी-डीएनएचा की बियाण्याच्या विभाजनाचा, हे कळायचं नाही.

परवाना: पहिल्या पेट्री डिशच्या आधी

हा भाग लोक शेवटी वाचतात, म्हणून मी वर आणला.

युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात जनुकीय सुधारित सजीवाची व्याख्या ‘नैसर्गिकरीत्या घडत नाही अशा रीतीने बदललेला’ अशी आहे. मूळ जिवाणूने केलेला बदल त्यात बसत नाही, ही डेन्मार्कमधल्या गटाची मांडणी आहे आणि ती मला पटते. पण ती मांडणी भारतात तशीच आणून वापरता येत नाही. आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू आहेत आणि त्यांतली व्याख्या बरीच रुंद आहे. २०२२ मध्ये मिळालेली सूट ही जीनोम संपादनाच्या पहिल्या दोन प्रकारांना आहे, तीही झाडात बाहेरचा डीएनए उरला नसेल तरच. आपल्या झाडात तर जिवाणूचा डीएनए राहणारच आहे. म्हणजे ही सूट आपल्यासाठी नाही.

त्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला अर्ज करूनच कामाला हात घाला. पुढचा टप्पा आरसीजीएमचा (जनुकीय प्रयोगांचा आढावा घेणारी केंद्रीय समिती), आणि उघड्या शेतात न्यायचं असेल तर जीईएसीचा (जनुकीय पिकांना पर्यावरणीय मान्यता देणारी केंद्रीय समिती) आणि राज्य सरकारच्या ना-हरकतीचा. मोहरीच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा. डीएमएच-११ या जनुकीय मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मान्यता मिळाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २३ जुलै २०२४ ला दोन न्यायमूर्तींचे निकाल परस्परविरोधी आले. ‘आमचं नैसर्गिक आहे’ एवढ्या वाक्यावर अशा वातावरणात कोणी सोडणार नाही. कागद पूर्ण ठेवा.

जिवाणूचा वाण निवडणं

चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात एमटीसीसी ५३२ आणि २३६४ हे वाण आहेत आणि भारतातल्या बऱ्याच कामांत तेच वापरलेले दिसतात. परदेशी कामांत ए४ आणि एटीसीसी १५८३४ यांची नावं भेटतील. हे दोन्ही अ‍ॅग्रोपाइन गटातले, म्हणजे झाडाकडून अ‍ॅग्रोपाइन हे ओपाइन करून घेणारे. त्यांचा टी-डीएनए दोन तुकड्यांत असतो: डाव्या तुकड्यावर रोल जनुकं, उजव्यावर ऑक्सिन तयार करणारी ऑक्स जनुकं. दोन्ही तुकडे झाडात एकत्र जाऊ शकतात किंवा वेगवेगळ्या जागी बसू शकतात. पुढे संकर करताना हीच गोष्ट कामाला येणार आहे.

एक फसगत टाळा. शेजारच्या प्रयोगशाळेतून ‘रायझोजेनिस’ म्हणून मिळालेली कुपी पुष्कळदा आर१००० निघते. तो ट्युमेफेशियन्सच्या शरीरात आरआय प्लाझ्मिड बसवून केलेला जोडवाण आहे. मुळं उत्तम देतो, पण तो लावल्यावर ‘नैसर्गिक’ हा शब्द वापरायचा हक्क गेला. कुपीची वंशावळ लेखी मागा.

वाणात दम आहे का ते बघायला गाजर पुरतं. गाजर धुऊन, वरून निर्जंतुक करून अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि पाणी-अगारवर ठेवा. काही चकत्यांची मुळाच्या टोकाकडची बाजू वर, काहींची शेंड्याकडची बाजू वर. प्रत्येकीवर जिवाणूचा थेंब पसरा. तीन-चार आठवड्यांत टोकाकडच्या बाजूवर, मधल्या गाभ्याच्या कडेने, मुळांची झालर उगवते. ऑक्स जनुकं असलेला वाण असेल तर शेंड्याकडच्या बाजूवरही मुळं येतात, नसेल तर ती बाजू कोरीच राहते. एका चकतीत जिवाणूचा दमही कळतो आणि जातही.

रोपं आणि लागण

बी ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटच्या २ टक्क्यांच्या आसपासच्या द्रावणात दहा मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने चार-पाच धुण्या. निम्म्या ताकदीच्या एमएस या वनस्पतींच्या पोषक माध्यमावर २५ अंशांना पेरा. पाच ते सात दिवसांची रोपं योग्य. दलांखालचा देठ एकेक सेंटिमीटरचे तुकडे करून वापरायचा. दहा दिवसांच्या पुढे देठ निबर होतो आणि यश घसरतं.

जिवाणू वायईबी या जिवाणूंच्या पोषक माध्यमात २८ अंशांना रात्रभर हलवत वाढवा. ६०० नॅनोमीटरवर घनता ०.५ ते ०.८ झाली की सेंट्रिफ्यूज करून गाळ द्रवरूप एमएसमध्ये मिसळा. सामू ५.२ ते ५.६ च्या दरम्यान, आणि १०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन. हे रसायन म्हणजे जखमी झाडाचा नकली हंबरडा. आम्लधर्मी सामू आणि हे रसायन दोन्ही मिळाल्यावरच टी-डीएनए झाडात पोचवणारी जिवाणूची विर जनुकं नीट जागी होतात.

तुकडे पंधरा-वीस मिनिटं द्रावणात ठेवा, निर्जंतुक टिपकागदावर चांगले टिपा आणि अ‍ॅसिटोसिरिंगोन घातलेल्या घट्ट माध्यमावर दोन दिवस अंधारात ठेवा. टिपण्यात आळस केला तर तिसऱ्या दिवशी तुकड्यांभोवती दुधाळ साय धरते आणि पुढचे दोन महिने ती जात नाही.

या दोन दिवसांचं तापमान २२ ते २५ अंश हवं. आमची एक पूर्ण खेप मे महिन्यात वाया गेली. शनिवारी रात्री वीज गेली, जनरेटर एसीला जोडलेला नव्हता, सोमवारी खोलीत ३४ अंश. जिवाणू जिवंत होता, उलट जोमात होता, पण ३०० तुकड्यांत एकही केसाळ मूळ आलं नाही. कारण साधं: झाडाची हाक ओळखणारं विर ए हे प्रथिन ३२ अंशांच्या पुढे निकामी होतं. जिवाणू वाढतो, पण बहिरा होतो. तेव्हापासून आम्ही लागण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करतो, आणि इन्क्युबेटरला स्वतंत्र बॅटरी आहे.

मुळं येतात, पण सगळी मुळं जिवाणूची नसतात

दोन दिवसांनी तुकडे धुऊन हार्मोन नसलेल्या एमएसवर, सेफोटॅक्झिम हे उरलेला जिवाणू मारणारं प्रतिजैविक ५०० मि.ग्रॅ. प्रति लिटर घालून, हलवा. इंजेक्शनच्या १ ग्रॅमच्या कुप्या चालतात. पावडर निर्जंतुक पाण्यात विरघळवून, गाळणीतून गाळून, माध्यम हाताला सोसेल इतकं निवल्यावरच घाला. ऑटोक्लेव्हमध्ये घातलेलं सेफोटॅक्झिम म्हणजे निव्वळ पाणी.

दहा ते वीस दिवसांत मुळं दिसू लागतात. इथे नवखे फसतात. मोहरीचा देठ जिवाणू न लावताही हार्मोनविरहित माध्यमावर मुळं धरतो. म्हणून प्रत्येक खेपेत पन्नास तुकडे नुसत्या माध्यमात बुडवून सोबत ठेवा. साधं मूळ जाडसर, सरळ, खाली माध्यमात शिरणारं असतं. केसाळ मूळ बारीक, झपाट्याने वाढणारं, जागोजागी फाटे फुटणारं आणि पुष्कळदा माध्यमाच्या वर हवेत उठणारं. त्यावरची लव उजेडाकडे धरली तर दुधावरच्या बुरशीसारखी दिसते. आणि मुख्य खूण: तोडून हार्मोन नसलेल्या माध्यमावर एकटं ठेवलं तरी ते वाढतच राहतं.

मुळाचं दोन-तीन सेंटिमीटरचं टोक कापून वेगळ्या डिशमध्ये घ्या. एक मूळ म्हणजे एक इव्हेंट (टी-डीएनए बसल्याची एक स्वतंत्र घटना), एक क्रमांक, वहीत एक नोंद. एकाच तुकड्यावरची दोन मुळं एका क्रमांकाखाली टाकू नका, ती वेगवेगळ्या पेशींतून आलेली असू शकतात. दर दोन आठवड्यांनी नव्या माध्यमावर हलवत सेफोटॅक्झिम ५०० वरून २५०, मग १००, मग शून्य. शून्यावर आल्यावर मुळाचा तुकडा वायईबीच्या प्लेटवर घासून तीन दिवस २८ अंशांना ठेवा. प्लेट कोरी राहिली पाहिजे.

मगच डीएनए काढा. पीसीआर तीन जोड्यांनी: डाव्या तुकड्यासाठी रोल बी किंवा रोल सी, उजव्यासाठी ऑक्स १, आणि तिसरी विर डी किंवा विर जी. विर जनुकं प्लाझ्मिडवर असतात, पण झाडात जात नाहीत. म्हणून विरची पट्टी आली तर ती झाडाची नाही, लपून बसलेल्या जिवाणूची. ‘रोल आहे, विर नाही’ हेच पास होण्याचं लक्षण. नुसती रोलची पट्टी दाखवून केलेली सादरीकरणं मी पाहिली आहेत. त्यांत प्रश्न विचारला की खोली शांत होते.

निदान तीस ते चाळीस स्वतंत्र इव्हेंट जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. यातले बहुतेक गळणार आहेत.

मुळातून झाड

एक सेंटिमीटरचे मुळाचे तुकडे बीएपी आणि एनएए हे दोन हार्मोन असलेल्या एमएसवर, १६ तास उजेडात. कोणत्या वाणाला किती हार्मोन हे वाणागणिक बदलतं, त्यामुळे बीएपीच्या तीन आणि एनएएच्या तीन पातळ्यांची नऊ खणांची चाचणी स्वतः लावा. मोहरीकुळासाठी सिल्व्हर नायट्रेट, लिटरला ५ मि.ग्रॅ.च्या आसपास, जवळजवळ अनिवार्य आहे. बंद डिशमध्ये साचणाऱ्या इथिलीनचा परिणाम ते अडवतं. त्याच्याशिवाय मुळाचा गोळा होतो, शेंडा येत नाही. चार ते आठ आठवड्यांत हिरवे ठिपके, मग कोंब. कोंब तोडून हार्मोनविरहित माध्यमावर ठेवला की मुळं धरायला वेळ लागत नाही, तो तर या झाडांचा जन्मजात गुण.

कुंडीत नेताना कोकोपीट, वरून पॉलिथिनचं टोपरं, आणि दोन-तीन आठवडे हळूहळू हवा लागू देणं. बाकी नेहमीचंच.

पहिली झाडं बघून निराश व्हायचं नसतं

पहिल्या पिढीची झाडं कुरूप असतात. पानं सुरकुतलेली, पेरं आखूड, शेंड्याचा दाब कमी म्हणून बगलेतून फुटवेच फुटवे, फुलं उशिरा, परागकण कमी. यालाच आरआय रूप म्हणतात. मुळं भरपूर असतात खरी, पण बरीचशी आडवी पसरलेली. आता विचार करा: ज्या शेतात वरचा वीतभर थर पेरणीनंतर महिन्याभरात वाळतो आणि ओल खाली मीटरभरावर असते, तिथे वीतभर थरात पसरलेल्या मुळांच्या जाळ्याचा उपयोग काय? मुळांचं वजन दुप्पट झालं म्हणून आनंद मानणं हीच आमची पहिल्या हंगामातली चूक. मोजायची ती खोली.

दुसरी चूक जास्त शिकवून गेली. दुसऱ्या हंगामात आम्ही मूळ वाण आणि सहा इव्हेंट सारख्या कुंड्यांत लावले आणि फुलोऱ्याच्या आधी पाणी तोडलं. आठव्या दिवशी मूळ वाणाने माना टाकल्या. आमची दोन इव्हेंटची झाडं तेराव्या दिवशीही हिरवीगार. फोटो काढले, तक्ता केला, वरिष्ठांना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, ‘कुंड्यांचं वजन केलंत का?’ केलं नव्हतं. पुढच्या खेपेला केलं. आमच्या बुटक्या झाडांची पानं मूळ वाणाच्या निम्मी होती, म्हणून ती पाणीच निम्मं पीत होती. तेराव्या दिवशी त्यांच्या कुंडीत ओल शिल्लक होती. ती ताण सोसत नव्हती, त्यांना ताण पडलाच नव्हता. गुंतवळ केसांचा आणि दाट केसांचा फरक विंचरल्याशिवाय कळत नाही, तसा हा फरक काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही.

बुटकं झाड कुंडीत नेहमीच हुशार दिसतं. जिवाणूच्या मार्गाने आलेल्या जवळजवळ प्रत्येक ‘दुष्काळ सोसणाऱ्या’ रोपाबद्दल हा एक संशय मनात ठेवाच.

संकर: कचरा गाळण्याची जागा

या झाडांचा उपयोग वाण म्हणून नाही, दाता म्हणून. त्यांचा मूळ वाणाशी संकर करा. मोहरीच्या फुलात सहा पुंकेसर असतात, चार लांब, दोन आखूड. घाईत आखूड दोन राहून जातात आणि स्वपरागण होतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी चिमट्याने उघडून सहाही काढा, बटर पेपरची पिशवी घाला, सकाळी परागण करा. परागकण नेहमी मूळ वाणाचे वापरा, आरआय झाडाचे पराग बेभरवशाचे.

टी-डीएनए एकाच जागी बसला असेल तर संकराच्या निम्म्या रोपांत रोल सापडेल. डावा आणि उजवा तुकडा वेगवेगळ्या जागी बसले असतील तर चार प्रकारची रोपं मिळतील: दोन्ही असलेली, फक्त रोल असलेली, फक्त ऑक्स असलेली, आणि कोरी. आमच्या हाती जे काही कामाचं लागलं ते ‘फक्त रोल, एकच प्रत’ या खणातून. पानांच्या सुरकुत्या कमी, उंची मूळ वाणाच्या जवळ, बी नीट भरणारं. हा आमच्या एका वाणाचा अनुभव आहे, नियम नव्हे. पण खण वेगळे करून बघायचा नियम मात्र पाळा.

कोरी रोपं फेकू नका. त्याच संकरातली, टी-डीएनए नसलेली ही सख्खी भावंडं म्हणजे चाचणीतली सगळ्यात प्रामाणिक तुलना. टिश्यू कल्चरमधून गेलेल्या झाडांत टी-डीएनएशी संबंध नसलेले बदलही होतात. मूळ वाणाशी तुलना करून ते बदल तुम्ही जिवाणूच्या खात्यावर जमा कराल. भावंडाशी तुलना केली तर ते बऱ्याच अंशी वजा होतात.

दोन बॅकक्रॉस (मूळ वाणाशी पुन्हा संकर), मग दोन स्वपरागण, आणि प्रत्येक पिढीत पीसीआर. एकजिनसी ओळ (जिच्या सगळ्या बियांत टी-डीएनए उतरतो) मिळाली की चाचणीला लायक झाली. मोहरी शेतात वर्षात एकदा, नियंत्रित घरात वर्षात दोनदा घेता येते. अडीच-तीन वर्षांचा हिशोब इथेच होतो.

पाण्याचा हिशोब

ऑस्ट्रेलियातल्या पॅस्युरा या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडलेली चौकट अजूनही सगळ्यात उपयोगी वाटते. कोरडवाहू उत्पादन म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: झाडाने एकूण किती पाणी ओढलं, त्या पाण्यावर किती काड-दाणा तयार केला, आणि त्यातला दाणा किती. तुमची ओळ या तिघांपैकी कशात पुढे आहे हे सांगता आलं पाहिजे. ‘हिरवी राहिली’ यातलं एकही नाही.

पहिली चाचणी कुंडीत, पण वजनाने. दहा किलो माती मावेल अशा कुंड्या, माती पूर्ण भिजवून, रात्रभर निथळू देऊन, सकाळी वजन. वरून प्लॅस्टिकची चकती, म्हणजे मातीतून उडणारं पाणी हिशोबात येत नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी वजन. आलेली घट म्हणजे झाडाने प्यायलेलं पाणी. निम्म्या कुंड्यांना गेलेलं पाणी परत द्या, निम्म्यांचं तोडा. मग आलेख काढताना आडव्या अक्षावर ‘दिवस’ घेऊ नका, ‘झाडाला मिळण्याजोग्या पाण्यापैकी उरलेला वाटा’ घ्या. आमचा तेराव्या दिवसाचा चमत्कार या एका बदलाने नाहीसा झाला. त्याच वेळी पानांतलं सापेक्ष पाणी काढा: ताजं वजन वजा कोरडं वजन, भागिले पूर्ण फुगलेलं वजन वजा कोरडं वजन, गुणिले शंभर. दोन्ही ओळींच्या मातीची ओल सारखी असतानाच घेतलेले आकडे तुलनेला घ्या.

दुसरी चाचणी नळीत, आणि खरी हीच. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने लांब पीव्हीसी नळ्यांची पद्धत बसवली आहे: भुईमूग-हरभऱ्यासाठी १.२ मीटर लांब, २० सेंटिमीटर व्यासाच्या, ज्वारी-बाजरीसाठी २ मीटरच्या. मोहरीला १.२ मीटर चालते. नळी साखळीने उचलून काट्यावर टांगायची. आमच्याकडे खाटकाकडे असतो तसा टांगता काटा होता, फक्त डिजिटल. नुसती काळी माती भरू नका. वाळली की ती आकसून नळीच्या कडेपासून सुटते आणि वरून दिलेलं पाणी कडेने थेट तळाला जातं. वाळू मिसळा, थराथराने भरा, प्रत्येक नळीत तोललेली माती घाला.

पेरणीनंतर चार आठवड्यांनी पाणी बंद. दर आठवड्याला वजन. इथे एकूण पाण्यापेक्षा ‘केव्हा’ प्यायलं हे बघा. फुलोऱ्याआधीच सगळं पाणी उडवून बसलेली ओळ शेंगा भरताना उपाशी मरते, मग मुळं कितीही खोल असोत. शेंगा भरण्याच्या तीन आठवड्यांत भावंडापेक्षा जास्त पाणी ओढणारी ओळ मला हवी असते. काढणीनंतर नळी उभी चिरा, ३० सेंटिमीटरचे चार भाग करा, प्रत्येकातली मुळं चाळणीवर धुऊन वाळवून तोला. सगळ्यात खालच्या भागातली मुळं वेगळ्या रकान्यात लिहा. दिवसाला सहा नळ्यांपेक्षा जास्त होत नाहीत, पाठ धरते.

आमच्या अकरा ओळींपैकी या चाचणीत नऊ बाद झाल्या. एका ओळीची तळातली मुळं आणि शेंगा भरतानाचं पाणी, दोन्ही सलग दोन हंगाम भावंडापेक्षा जास्त आलं. दुसरीचं एका हंगामात आलं, एका हंगामात नाही.

मोठ्या संख्येने ओळी तपासायच्या असतील तर बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे झाडांची छायाचित्रं घेऊन वाढ मोजणारी यंत्रणा आहे. पण आधी वीस नळ्या स्वतःच्या हाताने उचला. यंत्राने दिलेला तक्ता वाचायला त्याने सोपं जातं.

शेतात जायच्या आधीची तपासणी

ओलिताखालची चाचणी विसरू नका. दुष्काळ दरवर्षी नसतो. चांगल्या पावसाच्या वर्षी ओळ मार खात असेल तर शेतकरी ती दुसऱ्यांदा पेरणार नाही. पूर्ण पाण्यावर भावंडापेक्षा दाण्यात दहा टक्क्यांहून जास्त तूट आली तर मी ती ओळ बाजूला ठेवतो, मग ताणाखाली ती कितीही चमको. तेलाचं प्रमाण आणि तेलातलं इरुसिक आम्लही याच वेळी तपासून घ्या.

टी-डीएनए गुणसूत्रावर नेमका कुठे बसला आहे, त्याच्या दोन्ही कडांचा क्रम काय आहे, हे सिक्वेन्सिंगने काढून ठेवा. एखाद्या चालू जनुकाच्या मध्येच तो बसला असेल तर पुढे अडचण येतेच, आणि परवानगीच्या अर्जातही ही माहिती मागतात. मोहरी बरीचशी स्वपरागित असली तरी मधमाश्या तिच्यावर तुटून पडतात, म्हणून जाळीघराची जाळी मधमाशी शिरणार नाही इतकी बारीक हवी आणि दार दुहेरी. चाचणी संपल्यावर नळ्यांतली माती ऑटोक्लेव्ह करा किंवा जाळून टाका. मोहरीचं सांडलेलं बी वर्षभराने, कोणी पाणी न घालताही, कोपऱ्यात उगवलेलं सापडतं. आमच्या जाळीघराबाहेर गटाराच्या कडेला असंच एक रोप मिळालं होतं. पीसीआर केला, कोरं निघालं. त्या दिवसापासून दाराशी चिकट पायपुसणं आहे आणि झाडलेला कचरा तोलून, वहीत लिहून मगच बाहेर जातो.